निकमबाईंच्या चिठ्ठ्या

निकमबाईंच्या वर्गात एकदा एक माशी शिरली होती, ती वाचायला शिकूनच बाहेर पडली.

हे मी कुणाला सांगायला लागलो की स्वयंपाकघरातून आमची ही ओरडते, "निम्मं करा!" करतो निम्मं. माशीला जोडाक्षरं येत नव्हती.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशिकच्या सातपूरला, कामगार वस्तीत आमची शाळा. वर पत्रे, तिन्ही बाजूंना कंपन्या, चौथ्या बाजूला रस्ता. बाई दुसरीला, मी शेजारी तिसरीला. मधल्या भिंतीत एक दार होतं. दाराला कडी होती, पण बाईंच्या धाकानं ती कधी लागलीच नाही. बाई "गप्प" म्हणाल्या की समोरच्या कंपनीतलं लेथ मशीन बंद पडायचं आणि कामगार जेवणाचे डबे उघडायचे.

उंचीला पाच फूट, तेही अंबाडा धरून. अंबाड्यात दोन पेन्सिली खोचलेल्या, एक टोक काढलेली आणि एक काढायची. माहेर देवळ्याकडचं, कांद्यातलं. त्यामुळे जगातली कुठलीही गोष्ट समजावून सांगताना बाई कांद्यावर यायच्या. एखाद्या पोराबद्दल मी म्हणालो की हे काही पुढं जात नाही, तर म्हणायच्या, "गुरुजी, वरचा पापुद्रा वाळलेला दिसला म्हणून कांदा उकिरड्यावर टाकतात का? सोला की जरा!" एरवी बोलणं अगदी शहरी, नीटनेटकं. पण राग आला की माहेरची अहिराणी वर यायची. "हाई काय शे?" एवढं कानावर आलं की माझ्या तिसरीची पोरंसुद्धा पाठीचा कणा ताठ करून बसायची. मीही.

बाईंची दुसरी साऱ्या केंद्रात गाजलेली होती. चाळीसएक पोरं पुस्तक उघडून एका सुरात धडे म्हणायची तेव्हा वाटायचं, पत्रे आता उडतात. माझं घर, आपले प्राणी, पाणी, दिशा, सगळे धडे धबाधबा. तपासणीचे साहेब आले की हेडसर त्यांना हात धरून आधी दुसरीतच न्यायचे. मग चहा, पोहे, शेरा, नमस्कार.

त्या वर्षी दिवाळी झाल्यावर पेठ तालुक्याकडची एक मुलगी वर्गात आली. मथुरा तिचं नाव. भातकापणी उरकली की तिकडची माणसं कामाला नाशकात उतरतात. तिचे आईबाप आमच्या शाळेमागच्या एका कंपनीच्या शेडच्या बांधकामावर होते. पोरगी बोलायची नाही, हसायची नाही, नुसती बघायची. बघायची म्हणजे कशी, तर तुमच्या खिशात किती सुपारी शिल्लक आहे ते तिला कळावं अशी. महिन्याभरात तिनं अख्खं पुस्तक कानांनी गिळलं आणि इतरांबरोबर म्हणायला लागली.

डिसेंबरात साहेब आले. बारीक, वाळका, कोरडा माणूस, हसायचा झाला तर वरून परवानगी आणावी लागेल असा. त्यांनी नेमकं मथुराला उभं केलं. "वाच बाळ." मथुरानं पुस्तक उघडलं आणि गाय सुरू केली. गाईला चार पाय असतात, गाय दूध देते. कुठं अडखळणं नाही, चुकणं नाही. साहेबांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि शेरेबुकात "उत्तम" लिहायला घेतलं. तेवढ्यात खिडकीतून वारा आला आणि पुस्तकाची चार पानं फडफडत उलटली. समोर आली विहीर. मथुरा विहिरीच्या चित्रावर बोट ठेवून गाईचं वासरू वाचत राहिली.

साहेबांना दिसलं नाही. हेडसरांना दिसलं नाही. मला दिसलं, आणि मी पोह्यांतला शेंगदाणा शोधायला लागलो. आपलं काय जातंय?

"साहेब, शेरा लिहू नका," बाई म्हणाल्या.

"लिहिला."

"मग खोडा."

हेडसरांच्या हातातली कपबशी अशी वाजायला लागली की शिपाई मधली सुट्टी समजून घंटेकडे धावला.

"ही वाचत नाही, साहेब. ही गाते." बाई बाकांमधून फिरल्या. दुसऱ्या एका पोराचं पुस्तक उलटं होतं, तिसऱ्याचं तर गणिताचं होतं, आणि साहेब आले तेव्हा दोघंही सगळ्यांबरोबर जोरात गाय म्हणत होते. "ही सगळीच गातात. इतकी वर्षं मी पोरांना गायला शिकवलं आणि वाचायला शिकवलं असं समजून चालले. चूक माझी आहे."

साहेबांनी पेन बंद केलं. "मग वाचणार कधी?"

"एप्रिलात या. बेचाळीसच्या बेचाळीस वाचतील."

"आणि नाही वाचली तर?"

"तर दुसरी माझ्याकडून काढून घ्या. मला ऑफिसात रजिस्टरं भरायला बसवा."

आता बाईंना दुसरी सोडायला सांगणं म्हणजे माशाला सांगणं, बाबा रे, उद्यापासून झाडावर राहा. पण साहेबांनी ते शब्दन्‌शब्द शेरेबुकात उतरवलं, खाली बाईंची सही घेतली, आणि "उत्तम" खोडलं. बाहेर पडल्यावर मी म्हणालो, "बाई, कशाला सांगायचं? कुणाला कळणार होतं?"

"मला कळलं ना!" बाई म्हणाल्या. विषय संपला.

त्याच दुपारी बेचाळीस पुस्तकं लोखंडी कपाटात गेली. किल्ली अंबाड्यात. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीचे पालक दारात.

"बाई, पोराला पुस्तक द्या की. नाय तर नापास व्हईल त्ये."

"दादा, पुस्तक त्याला पाठ आहे. मला त्याला वाचायला शिकवायचंय."

"मग वाचंल काय, पुस्तकच नाय तर?"

"चिठ्ठी," बाई म्हणाल्या.

आणि माझ्या आयुष्यातली शांतता त्या दिवशी संपली.

पद्धत अशी. बाई रोज सकाळी बेचाळीस चिठ्ठ्या लिहायच्या, प्रत्येक वेगळी. पोरानं चिठ्ठी घ्यायची, ओठ न हलवता वाचायची, आणि त्यात लिहिलंय ते उठून करायचं. "खिडकी लाव." "आपल्या मित्राच्या चपला मोज." "हौदाचा गळका नळ बंद कर." बाईंचं वाक्य ठरलेलं होतं: "वाचलं की करायचं. केलं नाही म्हणजे वाचलं नाही." चिठ्ठी त्याच सकाळी लिहिलेली, जगात आधी कुणी म्हटलेली नाही, त्यामुळे पाठ कुठून करणार?

मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी तिसरीला भागाकार शिकवत होतो. मधल्या दारातून एक पोरगा आला, कुणाशी न बोलता माझ्या टेबलाखाली वाकला, माझे पाय मोजले आणि निघून गेला. मग एक मुलगी आली, फळ्यावरचा माझा भाजक पुसून गेली. मग एक फेंगड्या पायांचं पोर आलं, समोर उभं राहिलं आणि मोठ्यांदा म्हणालं, "गुरुजी, मिशीला चहा लागलाय." सारी तिसरी हसली. मी मिशी पुसली. चहा होता.

दिशांचा धडा आला त्या दिवशी तर बाईंनी सगळ्यांना एकच चिठ्ठी दिली: "पूर्वेकडे पंधरा पावलं चाल." पूर्वेला माझा वर्ग. बेचाळीस पोरं दार ढकलून आत आली आणि पंधरावं पाऊल जिथं पडलं तिथं थांबली. कुणी बाकावर, कुणी बाकाखाली, एक माझ्या खुर्चीत. मी म्हणालो, "बाई, हे काय?" बाई दारात उभ्या राहून मोजत होत्या. "एक्केचाळीस बरोबर आले, गुरुजी!" असा त्यांचा आनंद.

बेचाळिसावी म्हणजे मथुरा? छे. मथुरा बरोबर आली होती. ती सगळ्यांच्या मागून आली होती, एवढंच.

फेब्रुवारीपर्यंत एकेक पोर वाचायला लागलं. मथुरासुद्धा रोज बरोबर करायची. पण एकदा बाई ऑफिसात होत्या आणि चिठ्ठ्या मी वाटल्या. मथुरा चिठ्ठी घेऊन दगडासारखी उभी. मी बाईंना सांगितलं. बाई दोन तास पेन्सिल चावत बसल्या. ती चावलेली पेन्सिल मी पाहिली आहे, बडीशेपेएवढी उरली होती.

"माझे डोळे वाचते ती," शेवटी त्या म्हणाल्या. "चिठ्ठीत खिडकी असली की माझी नजर खिडकीकडे जाते. मी स्वतःच तिला उत्तर सांगतेय, गुरुजी! रोज!"

दुसऱ्या दिवशी बाई वर्गात आल्या त्या काळा गॉगल लावून. त्यांचे यजमान कंपनीत फिटर होते, ते मोटारसायकलवर लावायचे तो. नाकावर न बसणारा, कानांमागून नाडीनं बांधलेला. हेडसरांनी तो पाहिला आणि बोंब ठोकली, "बाईंचे डोळे आले!" पुढचे आठ दिवस शाळेत कुणी कुणाशी हस्तांदोलन केलं नाही. पहिलीच्या बाई रजेवर गेल्या. हेडसर बाईंशी बोलायचे ते पाठ फिरवून. बाईंनी खुलासा केला नाही. वेळ नव्हता त्यांना.

गॉगल आल्यावर मथुराचं सगळं चुकायला लागलं. चिठ्ठीत "दार उघड" असलं की फळा पुसायची. पोरं हसायची. तिच्या डोळ्यांत पाणी मात्र आलं नाही. जबडा घट्ट व्हायचा आणि ती दुसऱ्या चिठ्ठीसाठी हात पुढं करायची. शाळा सुटली की बाई तिच्याबरोबर मागच्या बांधकामावर जायच्या. तिथं वाळूच्या ढिगाऱ्यावर बोटानं अक्षरं काढायची, चिंचोके मांडायचे. दोघींत जास्त हट्टी कोण, यावर कंपनीतल्या फिटर लोकांत पैज लागली होती. निम्मं करायचं तर दोनच फिटर होते, आणि त्यांतले एक बाईंचे यजमान, निकमभाऊ.

"माझा गॉगल परत कधी मिळणार, गुरुजी?" ते मला विचारायचे. "डोळ्यांत किडे जातात हो."

"पेठची पोरगी वाचली की."

तीन आठवडे झाले. मथुरा अक्षरं ओळखायला लागली, पण चिठ्ठी हातात आली की आधी मान वर. डोळे शोधायची.

शिमगा आला. एका सकाळी मथुराचा बाप वर्गाच्या दारात उभा राहिला. डोक्याला पंचा, हातात चपला. बाहेर टेम्पो गुरगुरत होता, त्यात भांडी, माणसं, एक कोंबडी.

"बाई, काम सरला. शिमग्याला घरा जायचा. पोरीचा नाव कापून टाका."

"दादा, चार दिवस थांबा."

"मुकादम थांबायचा नाय."

"मग तिला ठेवा माझ्याकडे. माझ्या घरी राहील, जेवेल. मी स्वतः आणून सोडते."

"आई रडंल तिची," बाप म्हणाला. एवढंच.

मथुरा दप्तर घेऊन उठली. बाई खुर्चीत बसल्या. अंबाड्यातली पेन्सिल काढली आणि एक चिठ्ठी लिहिली. मी मधल्या दारात होतो. अर्ध्यात टोक मोडलं, ते बाईंनी दातांनी काढलं. यातलं निम्मं करायचं नाही.

मथुरानं चिठ्ठी घेतली. मान वर केली. समोर दोन काळ्या काचा आणि दोन्हींत मथुरा. टेम्पोनं हॉर्न दिला. तिनं मान खाली घातली. ओठ हलायला लागले. ओठ हलवायचे नाहीत असा नियम, पण बाईंनी तो त्या दिवशी सोडला. पुन्हा हॉर्न. बाप म्हणाला, "चाल गं."

तिनं दप्तर खाली ठेवलं. बाईंजवळ गेली, टाचा उंचावल्या, आणि दोन्ही हातांनी बाईंचा गॉगल काढला. नाडी अंबाड्यात अडकली, ती सोडवली. तीन आठवड्यांनी बाईंचे डोळे दिसले. डोळे खरंच आले असावेत इतके लाल होते. मग मथुरा दाराकडे गेली.

"बापा, वाक."

बाप वाकला. तिनं तो गॉगल बापाच्या डोळ्यांवर चढवला आणि मागं नाडी बांधली.

"ह्या काय चाललाय?" बाप म्हणाला.

"काही नाही, दादा," बाई म्हणाल्या. "तुमची पोर वाचायला लागली."

चिठ्ठी जमिनीवर पडली होती, ती मी उचलली. "माझा गॉगल काढ आणि तुझ्या वडिलांना घाल." हे डोळ्यांत बघून कोण ओळखणार? बापानं गॉगल काढायला हात नेला, तर बाई म्हणाल्या, "राहू द्या. टेम्पोत धूळ लागते." तो पंचा, त्या चपला आणि तो गॉगल, असा तो माणूस टेम्पोच्या मागच्या फळीवर उभा राहून गेला. सातपूरच्या सिग्नलवर पोलिसानं म्हणे सलाम ठोकला. बरं, निम्मं. नुसता बघितला.

एप्रिलात साहेब आले. स्वतः चिठ्ठ्या लिहून आणल्या होत्या. एक्केचाळीस पोरांनी घेतल्या, वाचल्या, केलं. एकानं साहेबांच्या बुटाची लेस सोडून पुन्हा बांधली.

"बेचाळीस म्हणाला होतात," साहेब म्हणाले.

"बेचाळिसावी गावी गेली. पण ती वाचते."

"पुरावा?"

"गॉगल पेठला गेला, साहेब. यांना विचारा, हे समोर होते."

मी छाती पुढं काढली आणि सगळं सांगितलं. पोलिसाच्या सलामासकट.

साहेबांनी ऐकून घेतलं. मग कोरडेपणानं म्हणाले, "गुरुजी, तुमच्या सांगण्यातलं निम्मं करावं लागतं असं ऐकून आहे. आता या गोष्टीतलं निम्मं कुठलं काढू?"

आयुष्यभर फेकलेल्या थापा अशा एकदम अंगावर येतील असं मला वाटलं नव्हतं. बाईंना एका साक्षीदाराची गरज होती आणि साक्षीदार म्हणून मी होतो! बाईंनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच जास्त लागलं. शपथ घ्यायला निघालो, तर हेडसरांनी शर्टाला धरून खाली बसवलं.

"साहेब," बाई म्हणाल्या, "तुम्हीच तिला चिठ्ठी लिहा. पोस्टानं."

साहेबांनी एक निळं आंतरदेशीय पत्र मागवलं, हात आडवा धरून दोन ओळी लिहिल्या, स्वतःच्या थुंकीनं चिकटवलं आणि जाताना स्वतः पेटीत टाकलं. "निकालाच्या दिवसापर्यंत वाट बघू. नाही तर शेरा आहे तसा राहील."

मे लागायला आला. बाई रोज दोन वेळा पोस्टमनला गाठायच्या. शेवटी पोस्टमननं गल्ली बदलली. पत्र नाही.

निकालाच्या दिवशी सकाळी पेठकडचा एक मजूर शाळेत आला आणि बाईंच्या हातात एक फडक्याचं गाठोडं ठेवून गेला. बाईंनी सोडलं नाही. माझ्या लुनावर मागं बसल्या, गाठोडं मांडीवर, आणि आम्ही साहेबांच्या ऑफिसात.

साहेबांनी गाठ सोडली. टेबलावर मूठभर नागली, म्हणजे नाचणी, सांडली, आणि तिच्यातून नदीतला एक गुळगुळीत गोटा घरंगळत शाईच्या बाटलीपाशी थांबला.

साहेबांनी गोटा उचलून तळहातावर फिरवला. "मी लिहिलं होतं," ते म्हणाले, "घरात जे धान्य असेल त्याची मूठ पाठव, आणि नदीतला एक गोटा. कुणाला विचारू नकोस. धान्य कुणीही पाठवेल, म्हणून गोटा घातला."

"वाचलं की करायचं, साहेब," बाई म्हणाल्या.

साहेबांनी शेरेबुक काढलं, डिसेंबरातली ओळ सरळ रेघ मारून खोडली आणि वर लिहिलं: बेचाळीस. मी पाहिलं, त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. वरून परवानगी आली असावी.

फडकं झटकताना त्यातून कागदाचा एक कपटा पडला. बाईंनी उचलला आणि ओठ न हलवता वाचला. मग घड्याळाकडे बघितलं.

"गुरुजी, पेठची गाडी किती वाजता?"

"अहो बाई, निकाल वाटायचाय!"

"तो तुम्ही वाटा."

"निकमबाई, रजेचा अर्ज?" साहेब म्हणाले.

बाईंनी तो कपटा त्यांच्या टेबलावर ठेवला. "हाच जोडा." आणि पर्स काखेत मारून निघाल्यासुद्धा. साहेबांनी कपटा माझ्याकडे सरकवला. वेडीवाकडी, चिंचोक्यांएवढी अक्षरं होती: "बाई तुम्ही या."

नियम बाईंचाच होता. त्या काय करणार?

त्यानंतर दर सुट्टीला बाई पेठला जायच्या. मथुराचं पुढं काय काय झालं ते त्यांनी मला कधी नीट सांगितलं नाही. विचारलं की म्हणायच्या, "वाचते." चेहरा असा करायच्या की पुढं विचारायची सोय नाही. सेवानिवृत्त होईपर्यंत दुसरी त्यांच्याकडेच होती आणि माझे पाय शेकडो वेळा मोजले गेले. दोनच भरले.

दोन हजार सालानंतर कधीतरी, मी पेठ नाक्यावर भाजी घेत होतो. पेठची लाल गाडी थांबली होती आणि खिडकीत काळा गॉगल. अंबाड्यात दोन पेन्सिली. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी वाचायला बंदी केलेली. अंग अगदी वाळलेलं, पण पाठ ताठ.

"बाई, अशा तब्येतीला कुठं?"

"चिठ्ठी आलीय," बाई म्हणाल्या.

"अहो, पण वाचायला बंदी ना तुम्हाला?"

"वाचली आधीच. आता करायचं राहिलंय."

कंडक्टरनं घंटी दिली. बाईंनी पेन्सिल काढली, एका जुन्या तिकिटाच्या मागं काहीतरी खरडलं आणि खिडकीतून माझ्या हातात कोंबलं. गाडी हलली. गॉगल माझ्याकडेच वळलेला होता. मी वाचतोय का, ते बघत असणार.

गाडी वळेपर्यंत मी तिकिटाकडे पाहिलं नाही. मग पाहिलं. "गुरुजी, मिशीला चहा लागलाय."

सकाळपासून मी चहा घेतला नव्हता. तरी मिशी पुसली. ओली होती.